न केलेल्या नोकरीचा निरोप

देशाच्या प्रगतीत माझा वाटा किती, असं कुणी विचारलं तर मी सांगते, भोकांएवढा. पिंपरीच्या एका कारखान्यात मी ऐन उमेदीची वर्षं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडण्यात घालवली, आणि त्या भोकांवर त्या काळचा कॉम्प्युटर चालायचा. आता आमची भाचरं गळ्यात पट्टे अडकवून कॉम्प्युटरवर काम करायला जातात आणि सणासुदीला जमली की मला समजावतात, आत्या, या तंत्रज्ञानाने देश कुठल्या कुठे गेला. मी म्हणते, गेला खरा, पण त्याआधी ते आमच्या भावकीत येऊन गेलं. लगेच एखादी भाची डोळे फिरवते. "आली बाई खाणीची गोष्ट." येणारच. सूड एकदाच सांगून कुणाचं समाधान झालंय?

आमचं गाव मोशीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या अंगाला. बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला कारखान्यांसाठी जमिनी गेल्या, त्यात आमचीही गेली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे काका, दोघांचं खातं एकच होतं. जमीन गेलेल्यांना घरटी एक नोकरी मिळणार अशी बोली होती. चावडीवर कंपनीचा माणूस आला, फॉर्म भरले गेले. आबांनी विचारलं तेवढं सांगितलं, दाखवलं तिथे अंगठा उठवला आणि घरी आले. पुढचं सगळं काकांकडे. काका चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे घरात आलेला कागद आधी त्यांच्या हातात जायचा आणि बहुतेक वेळा तिथेच राहायचा.

एका संध्याकाळी काका चावडीवरून आले, उंबऱ्यावर टेकले आणि म्हणाले, "तुझं काय जमत न्हाई बाबा. वय बसत न्हाई म्हनं. कंपनीला तरनी पोरं पायजेत. मग आपल्या पोराचं नाव लावून घेतलं. घरातल्या घरातच हाय की."

आबा म्हणाले, "बरं झालं. कुनाचं तरी लागलं."

आई चुलीपुढे होती. तिची भाकरी करपली. आईची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

तर काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, आमचा दादा, अठराव्या वर्षी कंपनीत लागला. आणि एकोणचाळीस वर्षांचे आबा, ज्यांचं वय बसत नव्हतं, ते मोशीच्या खाणीवर दगड फोडायला जाऊ लागले. दगडाला वय लागत नाही.

वर्षभरात घरं वेगळी झाली. दादाला दोन खाकी गणवेश, जाड बूट, चहाची कुपनं आणि दर महिन्याला हात धुवायचा लाल साबण. त्यातली एक वडी काका दिवाळीला आमच्याकडे पाठवायचे. "कंपनीचा हाय," असा निरोप असायचा, म्हणजे जपून वापरा. आई ती वडी दोऱ्याने कापून चार तुकडे करायची आणि अभ्यंगस्नानाला एकेक द्यायची. आबांच्या केसांतली खाणीची भुकटी त्या साबणानेच काय ती निघायची. ते दरवर्षी भावाचं नाव काढायचे. "थोरला इसरत न्हाई आपल्याला." पुढे मला कळलं की तो साबण आमचाच होता. आमच्याच साबणाबद्दल आम्ही बारा दिवाळ्या उपकार मानले. माणूस मोठमोठी दुःखं विसरतो. मी ती साबणाची वडी विसरलेली नाही.

मी मॅट्रिक झाले आणि चिंचवडला टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. दादाकडे तोवर स्कूटर आली होती. एकदा बस थांब्यावर मला पाहून त्याने स्कूटर थांबवली, बसवायला नाही, बोलायला.

"काय गं, टायपिंग शिकून कलेक्टर व्हनार का?"

"बघू की दादा."

"बघ बघ. पन लगीन कर आधी. पोरीच्या बोटांना भाकरी आली म्हंजी झालं."

भाकरी मला अजूनही गोल येत नाही. बोटं मात्र अशी चालायची की क्लासचे मास्तर म्हणायचे, तुमच्या मागे कुणी लागलंय का. त्या बोटांवरच मला नोकरी मिळाली, आणि तीही दादाच्याच कंपनीत. तिथे नवीन विभाग निघाला होता आणि त्यात मुली हव्या होत्या. पुरुषांची बोटं जाड असतात आणि ते बिडी प्यायला सारखे बाहेर जातात, असं साहेबांचं मत होतं. स्त्रियांच्या प्रगतीची अशी कारणं पुस्तकांत सापडत नाहीत.

काम असं होतं. कागदावरची माहिती यंत्रावर बडवायची, की पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पडायची. एका कार्डावर ऐंशी घरं. कुठल्या घरात कितव्या ओळीला भोक आहे त्यावरून पलीकडच्या गार खोलीतला कॉम्प्युटर समजून घ्यायचा. माझं कार्ड झालं की तेच कार्ड आणि तोच कागद शेजारच्या बाईकडे जायचा. ती दुसऱ्या यंत्रावर तेच सगळं पुन्हा बडवायची. आम्हा दोघींचं जुळलं तर कार्ड पुढे सरकायचं. एक आकडा जरी वेगळा पडला तर यंत्र अडायचं आणि लाल दिवा लागायचा. म्हणजे एकीची चूक दुसरी पकडणार. आमच्या आळीतही बायकांचं हेच चालायचं, फक्त दिवा नव्हता.

माझी पडताळणी करणारी ती पिंपरीची. वडील कारखान्यातच मजूर, घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि तिचं अक्षर असं की कागदाने हेवा करावा. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "मला ही खोली आवडते. हे यंत्र आडनाव वाचून चेहरा बदलत नाही." मी तेव्हा नुसती हसले. तिने ते गंमत म्हणून सांगितलं नव्हतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

कॉम्प्युटरचं उद्घाटन झालं तेव्हा बाहेरून पाहुणे आले होते. नारळ व्हरांड्यात फोडला, कारण गार खोलीत धूळ, धूर आणि खोबरं यांना बंदी होती. चपला-बूटही बाहेर काढायचे. आमच्या साहेबांनी भाषण केलं. उद्या या देशात पोलादापेक्षा माहितीला जास्त किंमत येईल, आणि देशाची आर्थिक प्रगती याच खोलीतून चालत जाईल, असं ते म्हणाले. ती प्रगती तेव्हा अनवाणी होती आणि फरशी फार गार होती. शेवटी ते म्हणाले, "एक लक्षात ठेवा. कॉम्प्युटर चुकत नाही. तुम्ही चुकता." हे म्हणताना त्यांनी आमच्या पंच खोलीकडे, म्हणजे भोकं पाडणाऱ्या मुलींच्या खोलीकडे बोट केलं. मला राग आला. नंतर त्या वाक्याचे मी मनातल्या मनात कितीदा पाय धरले असतील, सांगता येत नाही.

पहिली काही वर्षं सुट्या भागांची आणि हजेरीची कार्डं केली. मग एकोणऐंशीच्या आसपास हुकूम आला की सगळ्या कामगारांची जुनी माहिती कॉम्प्युटरवर चढवायची. नाव, तिकीट नंबर, खातं, भरतीची तारीख, जन्मतारीख. पत्र्याच्या कपाटांतून वर्षानुवर्षं न उघडलेल्या फायली आमच्या टेबलावर आल्या. वाळवीची माती, टाचण्यांचा गंज. नियम दोन. पहिला, कागदात आहे तेच मारायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. दुसरा, काही विचित्र वाटलं तर कागदाला पेन्सिलीने खूण करून तो शंकेच्या ट्रेत टाकायचा, साहेब बघतील. जन्मतारखा तर बघायलाच नकोत. आमच्या भागातलं पोर शाळेत घालताना मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे, आणि जे शाळेतच गेले नाहीत त्यांना चावडीवरचा कारकून एक जून द्यायचा. निम्मी कंपनी एकाच दिवशी जन्मलेली. त्याची शंका घेत बसलो असतो तर ट्रे पुरला नसता.

अशाच एका दुपारी दादाची फाइल माझ्यापुढे आली.

फॉर्म इंग्रजीत होता. वरच्या ओळीतलं नाव निळ्या शाईने खोडलं होतं आणि त्याच्यावर वेगळ्या अक्षरात दादाचं नाव लिहिलं होतं. मी कागद खिडकीशी धरला. खोडाखोडीच्या खाली आबांचं नाव होतं. पूर्ण. खाली वयाच्या रकान्यात एक जून, साल चोवीस. आबांचं साल. आणि सगळ्यात खाली अंगठा. तो अंगठा मी ओळखला असं म्हणणार नाही, एवढी मी हुशार नाही. पण दादा सातवी झालेला, तो सही करतो, हे मला माहीत होतं.

म्हणजे नोकरी आबांच्या नावाने आली होती. वय बसलं होतं. काकांनी कुणाला तरी हाताशी धरून नाव तेवढं बदलून घेतलं होतं. बाकीचा कागद त्यांनी तसाच सोडला, कारण इंग्रजीत त्यांना नावाची ओळ कुणीतरी बोट ठेवून दाखवली असणार. खालच्या ओळीत माणसाचं वय असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आणि भरतीच्या गर्दीत कंपनीनेही वाचलं नाही. नाव आहे, अंगठा आहे, समोर तरणं पोर उभं आहे, घ्या आत. सोळा वर्षं तो कागद कपाटात होता आणि कुणी एकदाही वाचला नव्हता. वाचायला घेतला तो मी, आणि माझ्यानंतर घेणार होता कॉम्प्युटर.

माझी बोटं थांबली. शंकेचा ट्रे हाताच्या अंतरावर होता.

कंपनीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. चोवीस अधिक अठ्ठावन्न. गणितात मी कधीच हुशार नव्हते, पण हे गणित मला पाणी प्यायल्यासारखं सुटलं. तीन वर्षं. वय बसत नाही म्हणाले होते ना काका? बसवते.

मी एक जून चोवीस मारलं. कागदात होतं तेच. कार्ड आणि फॉर्म शेजारी सरकवला. तिने बडवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"हे आडनाव तुझं ना?"

"हो."

"हा तो स्कूटरवाला? जो कँटीनमध्ये शिट्टी वाजवत येतो?"

"हो."

"तो पंचावन्न वर्षांचा आहे?"

"कागद म्हणतोय."

तिने फॉर्म खिडकीशी धरला, मी धरला होता तसाच. बराच वेळ बघितला. "खालचं नाव कुणाचं?"

"आमच्या आबांचं."

ती म्हणाली, "शंकेच्या ट्रेत टाकते."

"नको."

"खोटं कार्ड माझ्या हातून जाणार नाही, सांगून ठेवते."

"खोटं कुठंय? कागदात आहे तेच मारलंय. तू पण बघून तेच मार. जुळलं नाही तर दिवा लागेलच की."

तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि तारखेचे सगळे आकडे एकेक करून मारले. दिवा लागला नाही. "माझं काम मी बरोबर केलं," ती म्हणाली. "ट्रेत न टाकण्याचं पाप तुझं." मी लगेच मान्य केलं. एवढं स्वस्त पाप मला पुन्हा मिळालं नाही.

पुढची तीन वर्षं मी किती सुखात काढली ते कुणाला सांगून पटणार नाही. घरी बोलले नाही. आबांना सांगितलं असतं तर ते धावत जाऊन भावाच्या मुलाला वाचवतील, याची मला खात्री होती. काका तोवर वारले होते आणि त्यांचा फोटो आबांनी आमच्या घरात, देवांच्या शेजारी लावला होता. मी रोज सकाळी त्या फोटोपुढून डबा घेऊन निघायचे आणि मनात म्हणायचे, "अजून एवढे महिने." लग्नकार्यात दादा भेटायचा.

"काय गं, भोकं पाडून संपली का न्हाई अजून?"

"संपत आली दादा. तुझं बी पाडलं मागंच."

तो हसायचा, मी हसायचे. मी त्याच्या पानात आग्रह करकरून जिलेबी वाढायचे. बळीच्या बोकडाला कसं वागवतात ते मी लहानपणापासून पाहिलेलं होतं. आबा मात्र छातीत घरघर घेऊन खाणीवर जातच होते. मी म्हणायचे, "आता बास करा, माझा पगार हाय." ते म्हणायचे, "बसून करू काय?"

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात निवृत्तांची यादी छापून निघाली. पट्ट्यापट्ट्यांचा लांब कागद, तिघांची नावं, आणि दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये आमचा सदतीस वर्षांचा दादा. दादाने पत्र कँटीनमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले. "राव, कंप्युटर येडा झालाय!" तो हसत हसत ऑफिसात गेला आणि तासाभराने परत आला तेव्हा शिट्टी बंद होती. ऑफिसच्या साहेबांनी सांगितलं होतं की कॉम्प्युटर चुकत नाही, तरीही फाइल मागवतो. फाइल आली. फाइल म्हणाली, कॉम्प्युटर बरोबर आहे. आता साहेबांपुढे दोनच गोष्टी होत्या. एक तर हा माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, नाहीतर ही नोकरी याची नाही. वयाचा दाखला आण, आणि ज्याची ही जन्मतारीख आहे त्या माणसालाही घेऊन ये, आठ दिवसांची मुदत. नाहीतर खोट्या कागदावर नोकरी केली म्हणून काढून टाकू.

पुढच्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, दादा आमच्या दारात आला. स्कूटर त्याने लांब, वळणावरच लावली होती. घरात येऊन तो उंबऱ्यावरच टेकला. अगदी काका टेकले होते तिथेच. मी जागेची नोंद घेतली. सूड घेणाऱ्याने बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवाव्यात, पुढे सांगताना उपयोगी पडतात.

"आबा," तो म्हणाला, "तुमी येऊन एवढंच सांगायचं की ती तारीख तुमची हाय."

"कंची तारीख?"

दादाला सांगता येईना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबला. मग मीच सांगितलं, फॉर्म, खोडलेलं नाव, अंगठा, सगळं. तीन वर्षं या क्षणाची तालीम केली होती मी. मनात आबा चिडायचे, उठायचे, दादा पाया पडायचा. प्रत्यक्षात आबा हललेच नाहीत. त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "वय बसत न्हाई म्हनला हुता."

मग खोकले. बराच वेळ खोकले. खोकला थांबल्यावर मला म्हणाले, "तुला कवापास्नं म्हाईत हुतं?"

"तीन वर्सं."

"तीन वर्सं पोटात ठिवलंस? रोज माझ्यासंगं बोलत बी हुतीस की."

हे वाक्य माझ्या तालमीत नव्हतं. काकांनी आबांच्या नावचा कागद त्यांच्यापासून लपवला आणि मीही तोच कागद त्यांच्यापासून लपवला. घराणं एकच, त्याला कोण काय करणार. भाऊ मरून सहा वर्षं झाली होती आणि आबांचा भाऊ त्या दिवशी पुन्हा एकदा गेला, तोही माझ्या हातून. सुडाच्या कार्डात ऐंशी घरं मी विचारपूर्वक भरली होती, त्यात हे घर राहून गेलं.

पण आई मागे हटणारी नव्हती. ती चुलीपुढून उठून बाहेर आली. "येतील हे," ती दादाला म्हणाली. "सांगतील. तुझी नोकरी ऱ्हाईल. पन त्या यादीत तिघं हायती न्हवं? तिघांचा निरोप व्हनार. हार, शाल, नारळ, बँड. दोगं त्यांचे आन तिसरे हे."

"काकू, आवो ते कंपनीत कधी नव्हतेच..."

"व्हय. का नव्हते?"

"हार तू घालायचा," मी म्हणाले. "फाटकावर. आणि टेम्पोच्या पुढं चालत यायचं घरापर्यंत, स्कूटरवर न्हाई. कुनी इचारलं तर काय सांगायचं ते तुला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी मी आबांना कंपनीत नेलं. धुतलेलं धोतर, नवी टोपी. फाटकातून आत गेल्यावर ते थबकले. ऑफिसकडे न बघता कँटीनच्या मागे बघत राहिले. "त्यो लिंब आपल्या बांधावरचा," म्हणाले. नऊ वर्षं मी त्या लिंबाखाली डबा खात होते.

ऑफिसच्या साहेबांनी विचारलं, "ही जन्मतारीख तुमची?"

"व्हय."

"हा अंगठा तुमचा?"

"व्हय. आन नोकरी बी माझीच हुती." मग म्हणाले, "पन पोरानं काम केलंय साहेब, अठरा-एकोणीस वर्सं. त्यो काय बसून ऱ्हायला न्हाई. त्येला ऱ्हाऊ द्या."

शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. युनियनच्या माणसांनीही रदबदली केली, दादाने शाळेचा दाखला आणला आणि लेखी ताकीद घेऊन तो वाचला. तीन नावांचा निरोप करायला कंपनीची हरकत नव्हती. बँड आणि टेम्पो कामगार वर्गणीतून करायचे, कंपनीच्या बापाचं काय जात होतं.

निघताना आबा म्हणाले, मशीन दाखव. मी त्यांना काचेपाशी नेलं. आत चक्रं फिरत होती, दिवे लुकलुकत होते.

"ह्येनंच सांगितलं व्हय?"

"ह्येनं न्हाई आबा. सांगितलं कागदानं. ह्येनं नुसतं वाचलं."

"इतक्या वर्सांत कुनीच वाचलं नव्हतं?"

"न्हाई."

ते काचेला हात लावून उभे राहिले. काचेवर बोटांचे ठसे उमटले. आमचे साहेब बघत होते. पुढे पाहुण्यांपुढल्या भाषणात ते सांगू लागले की संगणकाने जुन्या नोंदींतल्या मानवी चुका शोधून काढल्या. मानवी चूक म्हणजे आमचे काका. भाषणात जागा मिळाली त्यांना. भाचरं मला म्हणतात की या यंत्रांनी देशाची भरभराट केली. केली असेल. मला विचाराल तर त्यांनी पहिलं काम केलं ते एवढंच, की या देशात अंगठा घेऊन कपाटात टाकलेले कागद पहिल्यांदा कुणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी, शिफ्ट सुटल्यावर, फाटकावर बँड लागला. दोन खरे निवृत्त आणि आमचे आबा. दादाने हार घातला. घालताना आबांची टोपी तिरकी झाली, त्यांनीच ती सरळ केली. दोघं म्हातारे पिंपरीचेच, त्यांचा टेम्पो तिकडे वळला. दुसरा टेम्पो आबांना घेऊन मोशीच्या रस्त्याला लागला, पुढे बँड, बँडच्या पुढे शाल आणि नारळ धरून आमचा दादा, चालत. ऊन अजून उतरलं नव्हतं. मी आणि माझी मैत्रीण टेम्पोत मागे उभ्या होतो. ती म्हणाली, "कार्ड बरोबरच मारलं होतं आपण." मी म्हणाले, "गप ऐक आता."

कारण लोक विचारत होते. पानाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीवर, गावच्या वेशीवर. "काय रं, ह्यो खानीवर हुता न्हवं? कंपनीत कवा हुता?" आणि दादाला दर वेळी थांबून सांगावं लागत होतं, "नोकरी ह्येंचीच हुती. मी केली." बँडवाल्यांना काही कळत नव्हतं, ते प्रश्न आला की वाजवायचे थांबायचे आणि उत्तर झालं की पुन्हा सुरू करायचे. मी मोजलं. नऊ वेळा. पहिल्यांदा तो पुटपुटला होता. नवव्यांदा त्याने मान वर करून, स्पष्ट, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं. मला ते मुळीच आवडलं नाही. माणसाने शिक्षा भोगताना एवढं सुधारू नये, घेणाऱ्याची मजा जाते.

दारात टेम्पो थांबला तसे आबा म्हणाले, "पुरे आता. पोराचं तोंड वाळलं. पानी द्या त्येला कुनीतरी."

मी दिलं. माठातलं नाही, अंगणातल्या पिंपातलं, दिवसभर उन्हात तापलेलं. त्याने ते एका दमात प्यायलं आणि तांब्या परत देताना म्हणाला, "लई बरं वाटलं." अजून कळत नाही, तो मला चिडवत होता की काय.

घरात गेल्यावर आबांनी गळ्यातला हार काढला. मला वाटलं, खुंटीला लावतील. त्यांनी पाट ओढला, त्यावर चढले आणि तो हार काकांच्या फोटोला घातला. नीट, दोन्ही बाजू सारख्या करून. आई तोंड फिरवून आत गेली.

मी थांबले फक्त सकाळपर्यंत. आबा अंगणात दात घासत होते तेव्हा पाटावर चढून हार काढला आणि मागच्या दारी शेळीपुढे टाकला. आबांनी बघितलं. शेळीने झेंडू खाल्ला, शेवंती खाल्ली, पानंही खाल्ली. दोरा तेवढा ठेवला. तो आबांनी उचलला, झटकला आणि गुंडाळून खिशात ठेवला. कामाला येतो म्हणाले.